दंतोपचार : वेळीच झाला तरच स्वस्त



ताप आला की माणूस दवाखान्याची वाट धरतो; दात दुखू लागला तर मात्र लवंग दाबून दिवस काढतो. हातावर पोट असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने यात नवल नाही. दंतवैद्याच्या शुल्काबरोबरच त्या दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते आणि एका फेरीत काम क्वचितच भागते. पण कीड लागताच जो दात थोड्या खर्चात भरून निघाला असता, तोच कीड नसेपर्यंत पोहोचल्यावर अनेकपट खर्च मागतो किंवा काढूनच टाकावा लागतो. गरिबाला दंतोपचार महाग पडतो तो मुख्यतः विलंबामुळे.

पनवेल तालुक्यातील गव्हाणचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि या परिसराचे रूप पालटत गेले. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकलही धावू लागली. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, त्यामुळे खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा सामान्यतः कमी येतो. तेव्हा येथे प्रश्न मैलांचा नाही. रोग वेळीच ओळखून रुग्णाला उपचारापर्यंत नेण्याचा आहे.

याचा आरंभ शाळेतून व्हावा. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या जबड्यात मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येत असल्याने पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि कीड लागली तरी दुर्लक्ष करतात. वास्तविक ती जन्मभराची असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात, आणि दंतक्षयाचाही तीत समावेश आहे. शिक्षकांनी ही एक दाढ पालकांना दाखवून दिली, तरी मोठे काम होईल.

उपचाराची साधनेही आता साधी झाली आहेत. विजेच्या यंत्राविना, केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. शाळेच्या वर्गातही ती अवलंबिता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट व फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

प्रौढांच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. दात स्वच्छ होतात या समजुतीने अनेक स्त्रिया मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच होय. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू व सुपारीचे व्यसन सुटलेले नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडताना तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास विनाविलंब तपासणी करावी. तोंडाचा कर्करोग आरंभी सापडल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.

शिबिरे अनेक ठिकाणी भरतात. दात मोजले जातात, चिठ्ठ्या दिल्या जातात आणि पुष्कळदा त्या घरातच राहतात. येथेच ग्रामपंचायतीचे कार्य सुरू होते. चिठ्ठी मिळालेल्यांची नोंदवही ठेवावी, महाविद्यालयाशी बोलून दिवस ठरवावा, सर्वांना एकत्र नेण्यासाठी वाहनाची सोय करावी आणि महिन्याने आशा सेविकेमार्फत प्रत्येक घरी विचारपूस व्हावी. एकटीने जाण्यास कचरणारी स्त्री चार शेजारणींसमवेत निःसंकोच जाते, आणि वेगळ्या भाड्याचा भारही वाचतो.

शिबिरात किती तोंडे तपासली यावरून त्याचे यश ठरू नये. चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जणांवर उपचार पूर्ण झाले, हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखविला जावा. तो आकडा विचारण्याचा अधिकार गावातील प्रत्येकास आहे.