प्रमोटरचं तारण कुठे दिसतं?

टेलिग्रामवर टिप देणारा एक आकडा कधीच सांगत नाही: प्रमोटरने किती शेअर तारण ठेवलेत?

७ जानेवारी २००९. सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र आलं. ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच! त्याआधी प्रमोटरचे शेअर तारण होते, भाव पडला तसे कर्ज देणाऱ्यांनी ते विकले. साध्या भागधारकाला हे तारण आधी कळण्याची सोय नव्हती. त्याच महिन्यात सेबीने ते जाहीर करणं सक्तीचं केलं.

आता एनएसई किंवा बीएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा, ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ बघा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो द्यावाच लागतो. तिमाही निकालाला ४५ दिवस मिळतात, म्हणून मी आधी हाच उघडतो. तारण दिसलं म्हणजे कंपनी बुडाली असं नाही हां. पण टक्का दर तिमाहीला चढत असेल, तर मी पैसे घालत नाही. भाव पडला की कर्ज देणारा विकतो, त्याने भाव आणखी पडतो, आणि आपल्या मोबाइलवर नोटिफिकेशन येईपर्यंत लोअर सर्किट लागलेलं असतं.