चाकांतील हवा

सायकलीच्या चाकांत हवा भरणें ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते. पंप लावावा, अंगठ्यानें टायर दाबून पाहावा, आणि तो दगडासारखा टणक लागला म्हणजे निघावें, अशीच बहुतेकांची रीत असते. परंतु ज्या हवेवर स्वाराचा सारा भार तोललेला असतो, तिचें प्रमाण असें अंदाजानें ठरविणें बरें नव्हे.

1888 सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेनें भरलेली रबरी नळी बसविली. भरीव रबराचे धक्के चुकावेत, हाच तिचा हेतु होता. टायर वाजवीपेक्षां टणक करणें म्हणजे डनलॉपचें श्रेय नाकारून पुन्हां भरीव चाकांवर बसण्यासारखेंच होय.

गोरेगांवचें उदाहरण घ्यावें. 1949 सालीं स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतींतून पवईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहांटे रोडबाईकवरील स्वार दिसतात. तेथें चढउतार आहेत, वळणें आहेत, आणि पावसाळ्यांत झाडांखालीं ओल्या पानांचा थर असतो. गुळगुळीत पृष्ठावर टणक टायर हलका धांवतो हें खरें. पण खडबडीत रस्त्यावर तो उड्या घेतो, आणि स्वाराची शक्ति पुढें जाण्याऐवजीं अंग हादरविण्यांत खर्च होते. ओल्या वळणावर तर तो घसरण्याचें भय अधिक. उलटपक्षीं, हवा फार कमी असेल तर खड्ड्याची कड आणि रिम यांमध्यें ट्यूब चिमटून फुटते. प्रसंगीं रिमही वांकते.

मग योग्य प्रमाण कोणतें? सुमारें 70 किलो वजनाच्या स्वारानें 28 मिलीमीटर रुंदीच्या टायरांत पुढें 65 आणि मागें 70 पौंड, म्हणजे दर चौरस इंचास तितका दाब, ठेवून आरंभ करावा. मागील चाकावर भार अधिक पडतो, म्हणून हा फरक. स्वार हलका असल्यास दाब कमी करावा. भारी असल्यास, किंवा टायर अरुंद असल्यास, वाढवावा. पावसांत सुमारें 5 पौंड कमी ठेवणें हितावह. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आंकडा ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. रिमचीही स्वतंत्र मर्यादा असते; हूकलेस रिमवर ती साधारणतः 72 पौंडांचीच असते. दोहोंपैकीं जी लहान, ती कधींही ओलांडूं नये.

अंगठ्यास 60 आणि 90 पौंडांतील भेद कळत नाहीं. त्यासाठीं दाबमापक असलेला पंपच हवा. ट्यूबमधून हवा रोज थोडी थोडी झिरपते. म्हणून निघण्यापूर्वीं मोजणें अवश्य. नेहमींच्याच रस्त्यावर 5 पौंडांचा फरक करून पाहावा आणि अनुभव वहींत टिपून ठेवावा. अशा चार फेऱ्यांनंतर स्वारास स्वतःचा आंकडा सांपडतो. पहांटे घरांतून निघालेला मुलगा वा मुलगी न्याहारीच्या वेळीं सुखरूप परत येण्यांत पंपाजवळच्या त्या दोन मिनिटांचाही वांटा असतो.