गाजरगवताचे भावंड आणि रबराची शेती



गाजरगवताचे नाव काढले की आपल्या कपाळाला आठी पडते. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेल्या या तणाने पुढे देश व्यापला. आज मात्र मी बोलणार आहे ते त्याच्या एका भावंडाबद्दल, ग्वायूलेबद्दल. शेवंती-सूर्यफुलाच्याच कुळातले हे झुडूप. ते उपटून टाकण्यासाठी मोहिमा निघाल्या नाहीत; उलट ते लावावे म्हणून अमेरिकेने एकेकाळी कायदा केला.

उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या सीमेवरचे चिवावा वाळवंट हे त्याचे माहेर. खडकाळ, चुनखडीच्या उतारावर ते गुडघ्या-मांडीइतके वाढते. पानांवर बारीक लव असल्यामुळे ती रुपेरी दिसतात. फुले लांब दांड्यांवर, पांढुरकी-पिवळसर. भिंगाखाली धरा: एका फुलोऱ्याच्या कडेला पाचच पाकळीदार फुले, आणि बी धरते ते तेवढ्यांतच. म्हणजे एका फुलोऱ्याला फार तर पाच बिया.

रबर आहे ते सालीत. केरळातल्या रबराच्या झाडाला चीर दिली की चीक ठिबकतो. इथे चीक वाहणाऱ्या तशा नळ्याच नाहीत. पेशीपेशीत रबर कोंडलेले असते, त्यामुळे अख्खे झुडूप तोडून भरडावे लागते. जुन्या गिरण्यांत ते गोट्यांबरोबर पाण्यात घुसळत. भुसा तळाला जाई आणि रबराच्या अळ्यांसारख्या गुंडाळ्या वर तरंगत.

आता लागवड. बी अगदी बारीक, वर ताजे बी लवकर रुजत नाही. म्हणून ते धुऊन, ब्लीचिंगसारख्या द्रावणातून काढून वापरतात. खोल पेरले की गेलेच. ते जवळजवळ मातीच्या पृष्ठावरच राहिले पाहिजे. म्हणून पूर्वी गादीवाफ्यावर रोपे करून मग शेतात लावत. पाणी साचले तर मुळे कुजतात. खरी मेख पुढेच आहे. भरपूर पाणी दिले तर झुडूप फोफावते, रबर मात्र त्या मानाने भरत नाही. वाढ थांबली, हिवाळ्याच्या थंड रात्री आल्या, की सालीत रबर साठू लागते. ज्याला पिकाला ताण देता येतो, त्यालाच हे पीक साधते. साधारण दोन वर्षांनी जमिनीलगत कापणी होते. बुडखे ठेवले तर पुन्हा फुटतात. उसाच्या मुलखात खोडवा कशाला समजावून सांगू!

विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकोतली रानटी झुडपे मुळासकट उपटून गिरण्यांत जात होती. मग तिथे क्रांती पेटली आणि धंदा विस्कळीत झाला. एका कंपनीने कॅलिफोर्नियात सलिनास येथे रीतसर शेती सुरू केली. १९३०मध्ये अमेरिकी लष्कराने तिची पाहणी केली. अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते मेजर आयझेनहॉवर, पुढचे राष्ट्राध्यक्ष. तो अहवाल फायलीत राहिला. १९४२मध्ये जपानने मलाया घेतला, रबराची वाट बंद झाली, आणि मग धावाधाव. सुमारे ३२,००० एकरांवर लागवड झाली.

या धावपळीतली एक गोष्ट मला फार बोचते. त्याच वर्षी जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना घरांतून उचलून छावण्यांत डांबले गेले. मांझानार छावणीतल्या अशाच लोकांनी टाकाऊ रोपे आणि लाकडी पट्ट्यांच्या आडोशाखालची रोपवाटिका यांवर ग्वायूलेचे संशोधन उभे केले. कलमांपासून रोपे तयार केली. प्रकाशसंश्लेषणावरील कामासाठी नावाजलेले रॉबर्ट इमर्सन त्यांच्या मदतीला होते. ज्या देशाने त्यांना शत्रू ठरवले, त्याच देशाच्या टायरांची चिंता हे लोक तारेच्या कुंपणाआड करत होते.

युद्ध संपले, कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिलेले होते, आशियातले रबरही येऊ लागले. हातातोंडाशी आलेली उभी झुडपे नांगरली, जाळली. माझ्या मते ग्वायूले वनस्पतिशास्त्रात कधीच नापास झाले नाही. ते हिशेबात नापास झाले, आणि हिशेब मांडला गेला तो दरवेळी संकट टळल्यावर.

पुढे टायर बनवणाऱ्या ब्रिजस्टोन कंपनीने ॲरिझोनात या पिकात हात घातला. २०१५मध्ये या रबराचे टायर तयार झाले, २०२२मध्ये हे रबर वापरलेले टायर इंडीकार या मोटारशर्यतीत धावले. रबराच्या झाडाच्या चिकातली ॲलर्जीकारक प्रथिने यात नाहीत, त्यामुळे हातमोजेवालेही रस घेतात. त्यातच कोलोरॅडो नदीचे पाणी घटले, आणि कापूस-लसूणघासापेक्षा कमी पाण्यावर येणारे पीक म्हणून तिथला शेतकरी त्याच्याकडे पाहू लागला. त्याचा प्रश्न मात्र आपल्याकडच्या शेतकऱ्याचाच आहे: दोन वर्षे जमीन अडकवतो, पण भाव आधी बांधून देता का?