गोळी सोडू नका, त्रास लपवू नका



एचआयव्हीची लागण असलेली गरोदर बाई समुपदेशकासमोर बसली, की तिचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "मॅडम, या गोळ्यांनी बाळाला काही होणार नाही ना?" हा प्रश्न शहाणपणाचा आहे. गरोदरपणात डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्यावी, असे आपणच तिला सांगत असतो. मग तीन औषधांची एक गोळी रोज आणि जन्मभर घ्यायची म्हटल्यावर तिला धास्ती वाटणारच. "काही होत नाही, घ्या मुकाट्याने," असे म्हणून तिची बोळवण केली, तर ती मान डोलावते आणि घरी गेल्यावर गोळी बंद करते. म्हणून आज या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करू.

आधी गोळी का घ्यायची ते पाहू. आईकडून बाळाला लागण होण्याच्या तीन वेळा आहेत: गर्भारपण, प्रसूती आणि अंगावर पाजण्याचा काळ. काहीच उपचार केले नाहीत, तर शंभरपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईने वेळेवर औषध सुरू केले, रोज घेतले आणि तिच्या रक्तातले विषाणू चाचणीत सापडू नयेत इतके कमी झाले, तर हे प्रमाण शंभरात एखाद्या बाळावर किंवा त्याहूनही खाली येते. दुष्परिणामांचा हिशेब मांडताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे आकडे ठेवावेच लागतात.

आपल्याकडे २०००नंतरच्या दशकात सरकारी कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला त्याच औषधाचा एक डोस दिला जाई. स्वस्त आणि सोपा उपाय होता. त्याने पुष्कळ बाळे वाचली. पण एकाच डोसामुळे आईच्या शरीरातले विषाणू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असे. शिवाय त्या एका गोळीने आईच्या आजारावर उपचार होत नसे. २०१४पासून भारतात प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला कायमचे उपचार देण्याचे धोरण सुरू झाले. २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर स्त्रियांसाठीही टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रेव्हिर या तीन औषधांची एकत्र गोळी पहिल्या पसंतीची ठरली. एआरटी केंद्रावर ती मोफत मिळते.

जुन्या औषधांचे दुष्परिणाम खरे होते आणि कधी गंभीरही होते. झिडोव्ह्युडिनने रक्त कमी होते. आपल्याकडे तर गरोदर बायकांत पंडुरोग आधीच घरोघरी. रोज नेव्हिरॅपिन घेणाऱ्या, आणि विशेषतः प्रतिकारशक्ती बरी असलेल्या स्त्रियांत यकृताला सूज येण्याचा धोका होता. एफाव्हिरेन्झने चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत. भारत आणि आफ्रिकेतील काही देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन औषधे एकत्र घेणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये लागणीचे प्रमाण ०.५ टक्के होते, तर झिडोव्ह्युडिनवर आधारलेल्या जुन्या पद्धतीत ते १.८ टक्के होते. त्याच अभ्यासात त्या वेळच्या तीन औषधांच्या गटात कमी वजनाची बाळे मात्र अधिक आढळली. फायदा मोठा होता, पण त्याची काही किंमतही होती. डॉक्टरांनी ती लपवली नाही, म्हणूनच अधिक चांगल्या औषधांचा शोध पुढे सरकला.

आजच्या गोळीतल्या डोल्युटेग्रेव्हिरचीही एक कहाणी आहे. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात २०१४पासून मोठ्या रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांची काळजीपूर्वक नोंद ठेवली जात होती. मे २०१८मध्ये या नोंदींतून एक इशारा मिळाला. गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ बाळंतपणांत चार बाळांच्या मज्जानलिकेत दोष होता. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात, ती ही नलिका. एरवी असा दोष हजारात साधारण एका बाळात दिसे. जगभर काळजी पसरली. काही देशांनी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध देताना हात आखडता घेतला.

तेव्हा जुलै २०१८मध्ये रवांडातील किगाली येथे अनेक आफ्रिकी देशांतल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया एकत्र जमल्या. धोका किती आणि फायदा किती हे आम्हाला सांगा आणि निवड आम्हाला करू द्या, अशी त्यांची मागणी होती. इकडे बोट्स्वानातली मोजणी चालूच होती. २०१९च्या जुलैपर्यंत १,६८३ बाळंतपणांत असे दोष पाचच झाले, म्हणजे हजारी तीन. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध स्त्रियांसाठीही पसंतीचे ठरवले. पुढे नोंदी आणखी वाढल्या, तेव्हा इतर औषधे घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत फरक उरला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ देशांतल्या एका अभ्यासात प्रसूतीच्या वेळी विषाणू आटोक्यात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण डोल्युटेग्रेव्हिर घेणाऱ्यांत ९८ टक्के, तर एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत ९१ टक्के होते. शंका आली, ती उघडपणे मांडली गेली आणि मोजून तपासली गेली. "बाळाला काही होणार नाही ना?" या प्रश्नामागे आज एवढा आधार आहे.

याचा अर्थ या गोळीने काहीच त्रास होत नाही, असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणे असे होऊ शकते. झोप उडत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घेता येते. काहींचे वजन वाढते. टेनोफोव्हिरचा ताण मूत्रपिंडावर येऊ शकतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय करायचे, हे केंद्रावर आधीच विचारून ठेवावे. क्षयरोगाचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्यानुसार डोस बदलावे लागतात.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती हमखास निसटते. आशाताई गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या अत्यंत गरजेच्या आहेत. पण रिकाम्या पोटी त्या एचआयव्हीच्या गोळीबरोबर घेतल्या, तर पोटात डोल्युटेग्रेव्हिर त्यांना चिकटून बसते आणि रक्तात पुरेसे उतरत नाही. बाई रोज गोळी घेते, तरी औषध कमी पडते. उपाय सोपा आहे. जेवणाबरोबर घेतल्या तर दोन्ही गोळ्या एका वेळी चालतात. जेवण नसेल, तर एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. पित्ताच्या गोळ्या आणि पातळ औषधे यांबाबतही विचारून घ्यावे. उपवासाच्या दिवशी तर हे वेळापत्रक विशेष सांभाळावे. पोटाला उपवास असला, तरी गोळीला उपवास नको.

काही लक्षणे मात्र थांबण्यासारखी नसतात. डोळे पिवळे दिसणे, तापाबरोबर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड येणे, पोटात तीव्र कळा, धाप लागणे, लघवी कमी होणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रत्येक त्रासाचा दोष एचआयव्हीच्या गोळीवर टाकणेही धोक्याचे आहे. चेहऱ्यावर सूज, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी हे वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. "त्या गोळ्यांनीच होत असेल" म्हणून घरी बसून राहिले, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.

गोळी सुटण्याचे कारण पुष्कळदा दुष्परिणाम नसतेच. सासूला कळेल म्हणून डबी पिठाच्या डब्यात लपवलेली असते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना गोळ्या सासरीच राहतात. माहेरी जायचे असेल, तर केंद्रावर आधी सांगावे; पुरेशा गोळ्या सोबत देण्याची किंवा माहेराजवळच्या केंद्राची सोय होऊ शकते. डबीवरचे नाव नको असेल, तर गोळ्या दुसऱ्या कोरड्या डबीत कशा ठेवाव्यात, तेही समुपदेशक सांगतात. आणि बाळंतपण झाले म्हणजे औषध संपले, असा समज करून घेऊ नये. बाळ अंगावर पिते, तेव्हाही आईची गोळी त्याचे रक्षण करत असते.

बाळालाही जन्मानंतर काही आठवडे प्रतिबंधक औषध द्यावे लागते. सहाव्या आठवड्यात त्याची पहिली तपासणी होते, आणि पुढच्या तपासण्या अठरा महिन्यांपर्यंत चालतात. बाळ गुटगुटीत दिसते म्हणून त्या सोडू नयेत. बाळाला झिडोव्ह्युडिन दिले असेल, तर त्याचे रक्त कमी होत नाही ना, याकडेही डॉक्टर लक्ष ठेवतात.

घरच्या माणसांना एक विनंती. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारण्यास किंवा भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई आहे, आणि बाईच्या संमतीशिवाय तिची माहिती उघड करता येत नाही. पण कायद्याच्या आधी नवऱ्याने केंद्रावर सोबत जाणे, रोज रात्री "गोळी घेतलीस का?" असे मायेने विचारणे, याने फार फरक पडतो. त्याने स्वतःचीही तपासणी करून घ्यावी.

काही विचारायचे असेल, तर १०९७ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. नाव सांगण्याची गरज नाही. गोळीचा त्रास होत असेल, तर तो बोलून दाखवा. औषध बदलता येते, वेळ बदलता येते, डोस बदलता येतो. स्वतःच्या मनाने बंद केलेल्या गोळीची भरपाई मात्र पुढे करता येत नाही, आणि तिची झळ बोलता न येणाऱ्या बाळाला लागते.