पायवाट हरवते तेव्हा



आज मी परीक्षेविषयी बोलणार नाही. ज्या विद्येला गुणपत्रिकेत रकाना नाही, तिच्याविषयी चार शब्द सांगणार आहे. रानात, रुळलेली वाट सोडून, आपल्या डोळ्यांच्या व हातांच्या भरवशावर वावरण्याची ही विद्या.

१ मे २०२३ रोजी दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, अमेझॉनच्या अरण्यात एक लहान विमान कोसळले. त्यातील तिन्ही मोठी माणसे दगावली. मागे राहिली चार भावंडे. त्यांची आईही मृतांत होती. थोरली बहीण १३ वर्षांची, सर्वांत धाकटे बाळ ११ महिन्यांचे. ही मुले हुइतोतो या आदिवासी जमातीची. ९ जूनला, चाळिसाव्या दिवशी, चौघेही जिवंत सापडली. विमानात कसाव्याचे, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचे, पीठ होते. थोरलीने ते पुरवून पुरवून भावंडांना दिले. ते संपल्यावर रानातील ओळखीची फळे व बिया शोधल्या, फांद्यांचा आडोसा केला. रानात काय खावे, हे तिला आजीने व घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकविले होते.

आपण म्हणाल, आम्हांला कुठे अमेझॉनमध्ये जायचे आहे? तर माझीच फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात ११ मुले घेऊन मी रायगड जिल्ह्यातील एका डोंगरावर गेलो होतो. उतरताना कारवीच्या रानात वाट हरवली. दिवस कलला होता, मोबाइल लागत नव्हता. मी बी.ए., बी.एड., भूगोल शिकविणारा. ठामपणे म्हणालो, ‘‘ओढ्याने खाली जाऊ. पाणी गावाकडेच जाते.’’ सारी मुले निघाली. गणितात दोनदा नापास झालेला एक मुलगा मात्र जागचा हलेना. तो सुटीत आजोबांबरोबर गुरे चारायला जाई. तो म्हणाला, ‘‘सर, पाणी कड्यावरनं उडी टाकतं. आपल्याला टाकता येणार नाही.’’

मला राग आला. पण अकरा आयांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि मी थांबलो. त्याने आम्हांला उलट वर, सोंडेवर नेले. तेथून खाडी दिसली, खाली उतरणारी गुरांची वाटही दिसली. इशाच्या सुमारास गावात पोहोचलो, तेव्हा पालक बॅटऱ्या घेऊन वेशीवर उभे होते. पुढे पंधरवड्याने वाटाड्या घेऊन मी तो ओढा पाहून आलो. थोड्याच अंतरावर तो सरळ कड्यावर संपत होता. सह्याद्री थरांथरांच्या काळ्या खडकाचा आहे, त्याचे ओढे असेच संपतात, हे मी वर्गात फळ्यावर शिकविले होते! त्या मुलाला मी वर्गात ‘ढ’ म्हटले होते. दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष त्याची माफी मागितली.

विद्यार्थी मित्रांनो, ही विद्या शिकायला पैसा लागत नाही. उन्हात काठी रोवा, सावलीच्या टोकावर खडा ठेवा. पाऊण तासाने पुन्हा ठेवा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. रात्री ध्रुवतारा शोधा. कोकणातून तो क्षितिजापासून सुमारे १८ अंश वर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे जेमतेम दोन मुठी. आपले दर्यावर्दी पूर्वज ताऱ्यांवरून गलबते हाकीत. वाट सोडून चालताना वारंवार मागे वळून पाहा. परतताना रान निराळे दिसते. वाट चुकलीच तर आधी बसा, पाणी प्या, मग विचार करा. ओढ्याचे पाणी उकळून प्या. अनोळखी फळ व अळंबे तोंडात घालू नका. सुंदर दिसणारी गुंज विषारी असते.

मात्र एकट्याने जाऊ नका, घरी सांगून जा, पावसाळ्यात कड्याकपारीत शिरू नका. उन्हाळ्यात रानात विस्तव पेटवू नका; एका ठिणगीने डोंगर जळतो.

पालकांनो, मुले उद्या नोकरीसाठी मुंबईला, आखातात जातील. तेथे डोंगर नसेल. पण ओळखीची वाट हरवण्याचे प्रसंग येतीलच. तेव्हा न घाबरता थांबावे, आजूबाजूला पाहावे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याचे ऐकावे, ही सवय लहानपणीच लागते. स्वावलंबन म्हणजे कोणाचेच न ऐकणे, असा माझा समज होता. तो त्या सोंडेवर गळून पडला. सुटीत मुलांना, आणि मुलींनाही, आजोबांबरोबर रानात धाडा. कोलंबियातील ती थोरली बहीण मुलगीच होती, हे विसरू नका.

आणि घरी आजी असेल, तर आज रात्री तिच्यापाशी बसा. तिला काय काय ठाऊक आहे, ते विचारा.