तापीकाठची पहिली गावं

रावेरच्या केळीच्या बागा पाहिल्या की वाटतं, या मातीत शेती कायमचीच असावी. पण खानदेशातला माणूस हजारो वर्षं शेतीविना जगला. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आहेत, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. ते घडवणारे लोक शिकार आणि कंदमुळं यांवर जगत, सावजामागे हिंडत.

इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास मात्र इथं गावं दिसू लागतात: तापीकाठी सावळदा आणि प्रकाशे, गिरणाकाठी बहाळ, धुळे जिल्ह्यात कवठे. हत्यारं दगडी पात्यांची, जोडीला थोडं तांबं. पेरलं की राखण आली, आणि धान्यानं भरलेले रांजण पाठीवर घेऊन कोण फिरणार?

हे जगणं सर्वांत तपशिलानं कळतं ते पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून उत्खनन केलं. जवाची शेती होती, पाण्यासाठी बांध आणि कालवाही होता. दगावलेली तान्ही बाळं दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरलेली आढळली. माणूस जागेशी किती बांधला गेला होता, याचा याहून मोठा पुरावा मला दिसत नाही.

पुढे पाऊसमान घटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडलं. तापीकाठच्या प्रकाश्याला मात्र नंतर लोखंड वापरणारे लोक येऊन राहिले, आणि तिथं आजही गाव आहे.