अर्ज करणाऱ्यांना आणि काम देणाऱ्यांना दोन शब्द

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत लिपिक आहे, कला शाखेचा साधा पदवीधर. म्हणून तत्त्वज्ञान न सांगता अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकीत. राहायला जागा मिळेना. अखेर त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यानंतर नव्वद वर्षांनी, २००७ साली, डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले होते, फरक फक्त नावांचा. दलित नावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले.

म्हणजे आडनावाचा अडथळा आजही खरा आहे. तो एका दिवसात हटणार नाही. पण कागदपत्रांचा अडथळा आपल्या हातात आहे आणि तोच आपण वेळेवर दूर करीत नाही, याचे दुःख वाटते.

आमच्या वस्तीतील एक मुलगा बँकेची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. कागदपत्रे तपासताना दाखल्यावर नुसते ‘नवबौद्ध’ निघाले. सरकारी बँकांना केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, परंतु यादीत नोंद जातीची आहे. म्हणून दाखल्यावर मूळ जात लागते. नवा दाखला मुदतीत निघाला नाही आणि हाती आलेली नोकरी गेली.

तरुण विचारतात, “जात सोडली, मग ती लिहायची कशाला?” प्रश्न स्वाभिमानाचा आहे. माझे उत्तर असे की, दाखला ही आपली ओळख नव्हे, तो हक्काचा पुरावा आहे. बारावी होताच तो काढून ठेवा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून आजच मिळवा. दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार यांवर नावाचे स्पेलिंग एकच असू द्या.

बँकेतील लिपिकपदाला हल्ली जाहिरातीत ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. वय २० ते २८, अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत. पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. तेव्हा रोज घड्याळ लावून सराव करा. २०१६ पासून या पदाला मुलाखत नाही. म्हणून “साहेबांना सांगून काम करून देतो” म्हणत पैसे मागणारा माणूस ठकच समजा. आईचे दागिने त्याच्या हाती देऊ नका.

आता काम देणाऱ्यांना. आपल्यातही वर्कशॉप, दवाखाना, शिकवणी, ठेकेदारी चालविणारे बांधव आज आहेत. त्यांना विनंती की, जाहिरातीत पगार आणि कामाचे तास स्पष्ट लिहा. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारा. ‘गाव कोणते, कोणापैकी?’ हे विचारू नका. नेमणुकीचे पत्र द्या. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नका. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडा. जो अन्याय बडोद्यात झाला, तो आपल्या दुकानात पोटजातीच्या नावाने होत असेल, तर बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून काय उपयोग?

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. ती नोकरी करणाऱ्याला लागू आहे, तशीच देणाऱ्यालाही.

घरी गेल्यावर एवढेच करा. मुलांचे दाखले बाहेर काढा आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचा.

जयभीम! नमो बुद्धाय!